निनावी धिंड आणि नावाची जबाबदारी

२०२० सालच्या एप्रिल आणि मे महिन्यांत कराड तालुका हा सातारा जिल्ह्यातील कोरोना साथीचे एक प्रमुख केंद्र बनला होता. पुणे-बंगळूर महामार्गालगतच्या मलकापूर-आगाशिवनगरच्या वस्तीलाही प्रतिबंधित क्षेत्राचा अनुभव घ्यावा लागला. मलकापुरातीलच कृष्णा रुग्णालयातून बरे झालेले रुग्ण बाहेर पडत, तेव्हा डॉक्टर आणि कर्मचारी टाळ्या वाजवून त्यांना निरोप देत. त्याची छायाचित्रे वृत्तपत्रांत येत आणि वाचणाऱ्याच्या मनाला उभारी वाटे. परंतु त्याच दिवसांत महाराष्ट्रात ठिकठिकाणी दुसराही एक व्यवहार चालू होता. रुग्णांची आणि विलगीकरणात ठेवलेल्या माणसांची नावे, पत्ते, क्वचित छायाचित्रेही व्हॉट्सॲपवरून घरोघर पोचत होती. मुंबई-पुण्याहून पायपीट करीत गावी परतलेला मजूर हा गावाचा मुलगा न राहता ‘रोग घेऊन आलेला’ ठरत होता. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला त्याच एप्रिल महिन्यात सूचनापत्र काढून, बाधितांची नावे, ओळख अथवा राहण्याचे ठिकाण समाजमाध्यमांवरून पसरवू नका, असे देशाला सांगावे लागले.

या याद्या पसरविणारे कोण होते? ते कोणी गुंड वा दंगेखोर नव्हते. शिक्षक, दुकानदार, बँकेतील कारकून, पतसंस्थांचे संचालक, आणि स्पष्टच बोलायचे तर राजकीय व सामाजिक कार्यकर्तेही त्यांत होते. प्रत्येकाच्या ओठांवर एकच वाक्य होते : ‘आले तसे पुढे पाठवले.’ आज समाजमाध्यमांवर माणसांची जी रोज जाहीर विटंबना चालते, तिचे सारे समर्थन या एका वाक्यात साठलेले आहे. म्हणून हे वाक्य तपासून पाहणे, हे सार्वजनिक कार्य करणाऱ्या प्रत्येकाचे कर्तव्य ठरते.

धिंड जुनी, रस्ता नवा

चारचौघांत अब्रू घेणे हा प्रकार मोबाइलबरोबर जन्माला आला, असे समजणे चुकीचे होईल. मराठीत त्यासाठी ‘धिंड’ हा शब्द फार जुना आहे आणि त्या शब्दाचा इतिहास गौरवास्पद नाही. सातारा जिल्ह्यातील नायगावच्या सावित्रीबाई फुले मुलींना शिकवायला निघाल्या, तेव्हा पुण्याच्या रस्त्यांवर त्यांच्या अंगावर शेण आणि चिखल फेकण्यात आला. मलकापूरपासून हाकेच्या अंतरावर, कृष्णाकाठच्या टेंभू गावी १८५६ साली जन्मलेले गोपाळ गणेश आगरकर यांच्या वाट्याला तर याहून विलक्षण प्रसंग आला. त्यांची मते न पटलेल्या सनातन्यांनी ते हयात असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. जातपंचायतींनी आणि गावकीने टाकलेल्या बहिष्कारांची गणती तर कोणीच ठेवलेली नाही. विहिरीचे पाणी बंद, दुकानातला माल बंद, लग्नाकार्याचे बोलावणे बंद, मयताला खांदा देणारे कोणी नाही, अशी ती शिक्षा असे.

या प्रथेविरुद्ध महाराष्ट्रात जी झुंज झाली, तिचे एक केंद्र साताराच होते. अंधश्रद्धा निर्मूलन समितीने डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या अखेरच्या काळात, २०१३ साली, जातपंचायतींच्या मनमानीविरुद्धची मोहीम हाती घेतली. त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात त्यांचा खून झाला. परंतु मोहीम थांबली नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा मंजूर केला आणि २०१७ मध्ये राष्ट्रपतींच्या संमतीनंतर तो अमलात आला. बहिष्कार टाकणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड, अशी तरतूद त्यात आहे. असा स्वतंत्र कायदा करून महाराष्ट्राने देशाला वाट दाखविली, हे निर्विवाद आहे.

तथापि या कायद्याला पंच लागतात. पारावर बसून निवाडा देणारी माणसे कोण, हे गावाला ठाऊक असते. फिर्यादीत त्यांची नावे घालता येतात. समाजमाध्यमावरील धिंडीला पंच नसतात. निवाडा देणारे हजारो, शिक्षा अमलात आणणारे हजारो, आणि जबाबदार मात्र एकही नाही! पूर्वी बहिष्कृत माणसाला निदान दुसऱ्या गावी जाऊन नवे आयुष्य मांडता येई. आज त्याच्या आधी त्याची चित्रफीत त्या गावी पोचलेली असते. पंचांनी दंड घेऊन बहिष्कार मागे घेतला, असेही कधी घडे. समाजमाध्यमावरील निकाल मागे घेणारा अधिकारीच अस्तित्वात नाही.

‘आले तसे पाठवले’ची किंमत

ही किंमत केवळ अब्रूची नाही. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी आठवडे बाजारात पाच माणसे ठेचून मारण्यात आली. ती बहुतांशी मंगळवेढा तालुक्यातील, नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीतील, भिक्षा मागून पोट भरणारी माणसे होती. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याच्या अफवा त्याआधी अनेक दिवस मोबाइलवरून पसरत होत्या. ग्रामपंचायतीच्या खोलीत त्यांना कोंडून त्यांचे प्राण घेतले गेले. त्यानंतर चार वर्षांनी, सप्टेंबर २०२२ मध्ये, सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यातील लवंगा येथे, मुले पळविणारे समजून उत्तरेकडील चार साधूंना मारहाण झाली. डवरी गोसावी असो की भगवी वस्त्रे नेसलेला साधू असो, अफवेच्या पुढे ना जात वाचविते ना वेष. परका आणि दुबळा माणूस तेवढा सापडावा लागतो.

आणि १० सप्टेंबर २०२३ ची रात्र तर याच जिल्ह्यातली आहे. कराड-मलकापूरहून तासाभराच्या वाटेवर, खटाव तालुक्यातील पुसेसावळी येथे, समाजमाध्यमावरील आक्षेपार्ह मजकुराचे निमित्त होऊन जमाव जमला. घरे, दुकाने, वाहने पेटविण्यात आली, मशिदीवर हल्ला झाला आणि त्या मजकुराशी काडीचाही संबंध नसलेला एक तरुण मशिदीत मारला गेला. जिल्ह्यातील इंटरनेट सेवा बंद करावी लागली. मोबाइलच्या पडद्यावर खाते एकाच्या नावाचे असते आणि मजकूर दुसऱ्याचाच असू शकतो, ही गोष्ट आज शाळकरी मुलालाही माहीत आहे. परंतु ती शक्यता पडताळण्याइतका वेळ जमावाने स्वतःला दिला नाही. पुसेसावळीत दगड मारणारे हात शे-दोनशे असतील. तो मजकूर ‘बघा, यांचे धाडस बघा’ असे म्हणत पुढे ढकलणारे अंगठे किती होते, याचा हिशेब कोणत्याही आरोपपत्रात मावणारा नाही. दगड मारणाऱ्यांवर खटला चालतो. अंगठा चालविणारा सकाळी उठून वृत्तपत्रात दंगलीची बातमी वाचतो आणि ‘काय दिवस आले आहेत’ म्हणून हळहळतो.

संपादकाने भोगलेले एकशेएक दिवस

छापील मजकुराच्या बाबतीत हा प्रश्न फार पूर्वी सोडविला गेला होता. १८६७ च्या कायद्याने प्रत्येक वृत्तपत्रावर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे छापण्याचे बंधन घातले. २०२३ च्या नव्या कायद्याने १८६७ च्या कायद्याची जागा घेतली असली, तरी नियतकालिकाची नोंदणी आणि त्यामागचे जबाबदार नाव ही कल्पना कायम आहे. परकीय सरकारने आपल्या सोयीसाठी ते बंधन घातले, हे खरे. परंतु मराठी पत्रकारितेने त्यातून एक नीती घडविली.

या नीतीचा सर्वांत मोठा धडा आगरकर आणि टिळक यांनी स्वतःच्या चुकीतून दिला. करवीर संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे हे छत्रपतींचा छळ करीत आहेत, असे आरोप ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांनी केले आणि त्यांच्या पुष्ट्यर्थ काही पत्रे प्रसिद्ध केली. हेतू शुद्ध होता, लोकांचा क्षोभ खरा होता, छत्रपतींविषयीची कळकळही खोटी नव्हती. पत्रे मात्र बनावट निघाली. दोघा संपादकांनी न्यायालयात दिलगिरी व्यक्त केली. तरीही १८८२ साली त्यांना शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. ‘कोणीतरी आणून दिले, आम्ही छापले’ असे ते म्हणाले नाहीत. पुढे आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिले, तेही स्वतःच्या नावाने.

हा प्रसंग आजच्या प्रत्येक मोबाइलधारकाला लागू पडतो. पाचशे सभासदांच्या गटावर मजकूर टाकणारा माणूस हा त्या काळच्या एखाद्या लहानशा साप्ताहिकाच्या संपादकाइतक्याच वाचकांपर्यंत पोचतो. त्याच्या हाती छापखाना आहे. फक्त संपादकाची जबाबदारी त्याने कधी स्वीकारलेली नाही. बदनामीचा कायदाही मजकूर रचणाऱ्याप्रमाणेच तो प्रसिद्ध करणाऱ्यास दोषी धरतो. पुढे पाठविणे म्हणजे प्रसिद्ध करणे होय. हेतू चांगला होता, हा बचाव १८८२ मध्ये टिकला नाही आणि तो आजही टिकू नये.

व्यवस्था आणि व्यक्ती

येथे पुरोगामी मंडळींकडून एक आक्षेप हमखास येतो. दोष व्यक्तीचा नसून व्यवस्थेचा आहे, असे ते म्हणतील. मूठभर परदेशी कंपन्यांनी जगाचे चव्हाटे विकत घेतले आहेत. संताप जितका भडकेल तितका माणूस पडद्याला चिकटतो आणि तितकी जाहिरात खपते, हे त्यांचे अर्थशास्त्र आहे. म्यानमारमध्ये रोहिंग्यांविरुद्ध हिंसा पेटली, तेव्हा आपले माध्यम त्यासाठी वापरले जाऊ नये म्हणून पुरेसे प्रयत्न झाले नाहीत, अशी कबुली २०१८ मध्ये खुद्द फेसबुकने दिली. राईनपाड्यासारख्या हत्यांनी देश हादरल्यावरच, त्याच महिन्यात, व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी मजकूर पुढे पाठविण्यावर मर्यादा आणली. म्हणजे मर्यादा घालणे आधीही शक्य होते. नफ्यापुढे ते सुचले नव्हते, इतकेच.

हा आक्षेप खरा आहे आणि कंपन्यांना जाब विचारण्याची लढाई सोडून चालणार नाही. परंतु व्यवस्थेचा दोष दाखविला की व्यक्ती मोकळी होते, हा निष्कर्ष मात्र खोटा आहे. याचे उदाहरण मलकापुरातच आहे. या गावाने चोवीस तास पाणी देणारी योजना यशस्वी केली आणि ती पाहायला दूरदूरचे लोक आले. ती यशस्वी कशाने झाली? जलवाहिन्या, टाक्या, पंप ही व्यवस्था तर उभी राहिलीच. पण त्याबरोबर प्रत्येक नळाला मीटर बसला. ज्याने जितके पाणी वापरले त्याचा हिशेब त्याच्या नावावर लागू लागला. त्यामुळे नगरपंचायतीची जबाबदारी कमी झाली नाही आणि घरमालकाचीही टळली नाही. सार्वजनिक व्यवस्था आणि वैयक्तिक जबाबदारी या एकमेकींच्या शत्रू नाहीत. एकीच्या अभावी दुसरी गळकी ठरते.

दुर्बलांच्या शस्त्राचे काय?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्याच्याकडे वकिलाला द्यायला पैसे नाहीत, पोलीस ठाण्यात ज्याला दाद मिळत नाही, त्याच्या हाती जाहीर वाच्यता हे एकच शस्त्र उरते. तेही हिरावून घेतले तर सावकार, गावगुंड आणि लाचखाऊ अधिकारी यांचेच फावेल. २०१८ मध्ये अनेक स्त्रियांनी समाजमाध्यमांवरून आपल्या छळाच्या कथा सांगितल्या, त्यामागे दाद मागण्याची सारी दारे बंद असल्याचाच अनुभव होता. हे शस्त्र टाकून द्यावे, असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न ते कोणावर, कसे आणि कोणाच्या नावाने चालवावे, हा आहे.

या प्रश्नाची दोन उत्तरे महाराष्ट्राच्याच इतिहासात आहेत. पहिले उत्तर १९७९ चे. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या बलात्काराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले. तेव्हा उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिले. तीही जाहीर वाच्यताच होती आणि देशातील सर्वोच्च पीठाविरुद्ध होती. परंतु पत्राखाली चार नावे होती, निकालातील एकेका विधानाचा प्रतिवाद होता आणि रोख सत्तेवर होता. त्या पत्राने चळवळ उभी राहिली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. त्याच दुरुस्तीने पीडित स्त्रीचे नाव प्रसिद्ध करणे हा गुन्हा ठरला, ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. बलवानाला नावानिशी जाब विचारायचा आणि दुर्बलाचे नाव झाकायचे, ही दोन्ही कामे त्या चळवळीने एकाच वेळी केली. आजच्या धिंडीत नेमके उलटे घडते. जाब विचारणारा निनावी राहतो आणि दुर्बलाचे नाव, छायाचित्र, घरचा पत्ता सारे चव्हाट्यावर येते.

दुसरे उत्तर सातारा-सांगलीच्या मातीतले आहे. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारने गावोगाव न्यायदान मंडळे चालविली. ब्रिटिशांच्या कचेऱ्यांवर बहिष्कार घालून लोकांनी आपले तंटे तेथे नेले. गुंडांना आणि सरकारी खबऱ्यांना दिलेल्या शिक्षा कठोर होत्या, त्यांची चर्चा आजही होते आणि ती व्हावी. परंतु भूमिगत अवस्थेत, डोक्यावर बक्षीस लागलेले असतानाही, न्याय द्यायचा तर गावासमोर बसून द्यायचा आणि दोन्ही बाजू ऐकून द्यायचा, ही जाणीव त्या मंडळांमागे होती. ज्यांच्या मागे पोलीस लागले होते, त्यांनी आरोपीचे म्हणणे ऐकायला वेळ काढला. ज्यांच्या मागे कोणीच लागलेले नाही, त्यांना आज एक दूरध्वनी करून ‘हे खरे आहे काय?’ असे विचारायला वेळ मिळत नाही!

कायद्याच्या काठीवर भिस्त नको

मग कडक कायदा करावा काय? पालघरचा अनुभव त्याविरुद्ध साक्ष देतो. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबईत जो बंद पाळला गेला, त्याविषयी प्रश्न विचारणारा मजकूर पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर लिहिला. दुसरीने त्याला केवळ पसंती दर्शविली. दोघींना अटक झाली. लिहिणारीच्या नातेवाइकाच्या दवाखान्याची मोडतोड झाली. जमाव आणि पोलीस यांनी जणू एकमेकांना साथ दिली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ज्या ६६-अ कलमाखाली असल्या अटका होत, ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरविले. लोकशाहीवादी माणसाने त्याचे स्वागतच केले पाहिजे. शासनाच्या हाती अशी काठी दिली की ती प्रथम टीकाकारांच्याच पाठीवर बसते.

म्हणूनच जबाबदारीचा प्रश्न अखेर संघटनांच्या आणि नागरिकांच्या शिस्तीकडे येतो. कायदा बळजबरी करू शकतो. लाज वाटायला लावू शकत नाही. ती लाज सार्वजनिक जीवनात पुन्हा आणायची असेल, तर सुरुवात कार्यकर्त्यांनी आपल्या गटांपासून केली पाहिजे. त्यासाठी काही साधे नियम पुरेसे आहेत. ज्या मजकुराखाली स्वतःचे नाव घालण्याची तयारी नाही, तो पुढे पाठवू नये. एखाद्यावर आरोप करण्यापूर्वी त्याचे म्हणणे विचारावे आणि ते आरोपाइतक्याच ठळकपणे द्यावे. टीका पदावर आणि कृतीवर करावी. बायकामुले, घर, रूप, जात, आजार यांना हात लावू नये. तलाठ्याने लाच मागितली तर तहसीलदाराकडे तक्रार नोंदवून तिची प्रत गटावर टाकावी. तलाठ्याच्या मुलीच्या लग्नाची छायाचित्रे टाकू नयेत. मजकूर चुकीचा निघाला तर ज्या-ज्या गटांवर तो गेला, त्या प्रत्येक गटावर चूक कबूल करावी. गुपचूप पुसून टाकणे म्हणजे चूक सुधारणे नव्हे.

आणि सर्वांत अवघड नियम शेवटी. विरोधकाची धिंड निघत असेल, तेव्हाही तीत सामील होऊ नये. आपल्या बाजूच्या माणसाची बदनामी झाली की संतापणे सोपे असते. ज्याचे राजकारण घातक वाटते, त्याच्या खाजगी आयुष्याची चिरफाड चालली असताना ‘हे चूक आहे’ असे आपल्याच गटावर लिहिणे, आणि त्याबद्दल आपल्याच सहकाऱ्यांचे टोमणे सोसणे, यालाच चारित्र्य म्हणतात. आगरकरांची प्रेतयात्रा काढणारे आपण धर्मरक्षण करीत आहोत, अशाच समजुतीत होते. पुसेसावळीचा जमावही स्वतःला एका थोर राजाच्या सन्मानाचा रक्षक समजत होता. आपली बाजू न्याय्य आहे, ही खात्री कोणत्याही जमावाला कधी कमी पडलेली नाही. कमी पडतो तो मध्येच थांबून प्रश्न विचारणारा एक माणूस. प्रत्येक गावच्या प्रत्येक गटावर असा एक माणूस आपल्या नावानिशी उभा राहिला, तर पुढची पुसेसावळी टळू शकेल. तो माणूस होण्यासाठी कोणत्याही वरिष्ठ समितीच्या ठरावाची वाट पाहण्याचे कारण नाही.